शेवटचा आवाज कधी ऐकला होता?

जव्हार-मोखाड्याकडे पावसाळ्यात घरातली कुठलीही वस्तू बंद पडली की तिचा दोष विजेच्या खात्यावर जमा होतो. टीव्ही गेला, वीज पडली असणार. पंपाची मोटर जळाली, वीज. राउटरचे दिवे लागेनात, तरी वीजच. पुष्कळदा ते खरंही असतं. पावसाच्या तोंडाशी आणि पुन्हा परतीच्या पावसात इथल्या डोंगरांवर जो कडकडाट होतो, तो ज्याने ऐकलाय त्याला वेगळं सांगायला नको. अडचण एवढीच, की कारण आधीच तयार असलं की तपास कोणी करत नाही. आमच्या घरच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला तेव्हा हेच झालं. त्यात काही फाइली कायमच्या गेल्या आणि मदरबोर्डचे काही हजार रुपये जाता जाता राहिले. झाला प्रकार आधी सांगते, आणि आवाज गेल्यावर कुठून सुरुवात करून कुठपर्यंत जायचं, तेही क्रमाने सांगते.

मी मोखाडा तालुक्यातल्या शाळेत शिकवते, घर जव्हारला. घरात एक असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. संध्याकाळी त्यावर माझं शाळेचं काम आणि मुलांचे व्हिडिओ चालतात, पण सकाळ सगळी आप्पांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. काचबिंदूने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा एनव्हीडीए हा प्रोग्रॅम ते वापरतात. मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला. तो फुकट मिळतो आणि मराठीही वाचतो. उच्चार यांत्रिक आहेत, पण आप्पांना सवय झालीय. आमच्यासाठी कॉम्प्युटरचा आवाज ही सोय आहे, त्यांच्यासाठी आवाज हाच पडदा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला एका संध्याकाळी जवळच कुठेतरी वीज पडली. लाईट गेली, ती रात्री उशिरा आली. नंतर बघतो तर मॉनिटर मेलेला, बटणाजवळचा बारीक दिवासुद्धा लागत नव्हता. मॉनिटरची पिन थेट भिंतीतल्या बोर्डात होती, सीपीयू यूपीएसवर होता, तो वाचला. धाकटे दीर नाशिकला निघाले होते, त्यांना नवा मॉनिटर आणायला सांगितला. मोखाडा-त्र्यंबकमार्गे नाशिक 80 किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे तिकडे कोणी निघालं की अख्ख्या आळीची यादी त्याच्या खिशात असते. मॉनिटर आला, जोडला, चित्र झकास दिसलं. आवाज मात्र नाही.

वीज पडली होती म्हटल्यावर सगळ्यांचं एकमत झालं. दुरुस्तीला आलेला मुलगा कामाला चांगला, बोलायला नम्र. त्यानेही हकीकत ऐकली आणि म्हणाला, "मॅडम, साउंडची चिप मदरबोर्डवरच असते, ती उडाली असणार. तरी एकदा फॉरमॅट मारून बघतो." फॉरमॅट मारला. आवाज आला नाही. "बघा, म्हणजे हार्डवेअरच गेलंय." ऐकताना हा तर्क बिनतोड वाटतो. सॉफ्टवेअर धुऊन नव्याने भरलं तरी दोष तसाच, म्हणजे दोष यंत्रात. जुना मदरबोर्ड आता मिळणं कठीण, नवा घेतला तर प्रोसेसर आणि रॅमही बदलावी लागणार, असा हिशेब पुढे आला. फॉरमॅटमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं पुसलं गेलं, ते वेगळंच. शाळेच्या नोंदी पेनड्राइव्हवर होत्या. मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, रात्रभर जागून मोबाइलवर टिपलेलं संबळाचं वाजप मात्र डेस्कटॉपवरच होतं. मोबाइलमधून ते केव्हाच काढून टाकलं होतं.

रात्री जेवताना मदरबोर्डचा विषय निघाला तेव्हा आप्पा म्हणाले, "अगं, पण वीज पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर ऐकलाय की यावर."

खरंच ऐकला होता. मॉनिटर काळाठिक्कर होता, पण त्यांना त्याचं काय? त्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं, एनव्हीडीए बोलायला लागला, त्यांनी बातम्या ऐकल्या आणि कॉम्प्युटर बंद केला. डोळे असलेल्या आम्हा सगळ्यांना फक्त काळा पडदा दिसला, आणि ज्याला आवाज ऐकू आला होता त्याला कोणी विचारलंच नाही. त्या एका वाक्याने वीज निर्दोष सुटली. आवाज विजेच्या दुसऱ्या दिवशी होता आणि नवा मॉनिटर जोडल्यावर नव्हता. मग मधल्या काळात बदललं काय? मॉनिटर, आणि त्याची वायर.

वायरीने काय केलं

जुन्या मॉनिटरची वायर व्हीजीए होती, निळ्या तोंडाची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. आयबीएमने 1987 साली आणलेल्या या पद्धतीत वायरीतून फक्त चित्र जातं. नव्या मॉनिटरसोबत एचडीएमआय वायर आली. या पद्धतीचे पहिले नियम 2002 साली ठरले आणि तिचा गुण हाच, की चित्र आणि आवाज एकाच वायरीतून जातात. ही वायर जोडली की विंडोजला आवाज बाहेर सोडायला एक नवीन ठिकाण दिसतं, म्हणजे मॉनिटर. पुष्कळदा विंडोज कोणाला न विचारता त्यालाच मुख्य ठिकाण धरून बसते. आमच्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, मागे फक्त हेडफोन लावायचं भोक आहे. सगळा आवाज तिकडे जात होता आणि टेबलावरचे स्पीकर मुके. वैतरणेचं पाणी आमच्या मोखाड्यात अडतं, 2014 साली पूर्ण झालेलं मध्य वैतरणा धरण इथलंच, पण पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकर येतात. आवाजाचंही तसंच झालं होतं. आटला नव्हता, दुसरीकडे वळला होता.

फॉरमॅटने तो का परतला नाही, हेही आता कळतं. विंडोज नव्याने टाकताना एचडीएमआय वायर जोडलेलीच होती. नव्या विंडोजने पुन्हा मॉनिटरच निवडला. जो तर्क बिनतोड वाटला होता, त्यात एक पायरी गाळलेली होती. दोष सॉफ्टवेअरमध्ये नसला की तो यंत्रातच असतो, असं नाही. जोडणीतही असू शकतो.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि सगळ्यांनी एकदा बघून ठेवावं. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर उजवं क्लिक करा. विंडोज 10 मध्ये तिथेच 'साउंड्स' दिसेल. विंडोज 11 मध्ये 'साउंड सेटिंग्ज' उघडून खाली 'मोअर साउंड सेटिंग्ज' वर जा. जी खिडकी उघडेल तिच्यात 'प्लेबॅक' नावाचा भाग असतो. तिथे आवाज जाऊ शकेल अशा सगळ्या ठिकाणांची यादी असते. ज्याला हिरवी बरोबरची खूण, ते सध्याचं मुख्य ठिकाण. आता एखादं गाणं लावा आणि प्रत्येक नावाच्या उजवीकडची उभी पट्टी बघा. जिथे आवाज पोहोचतोय तिथे हिरव्या रेघा वरखाली नाचतात. आमच्याकडे त्या मॉनिटरच्या नावापुढे अगदी जोरात नाचत होत्या आणि 'स्पीकर्स'पुढची पट्टी करडी, निपचित. 'स्पीकर्स'वर क्लिक करून 'सेट डिफॉल्ट' दाबलं आणि गाणं टेबलावरच्या स्पीकरमधून सुरू झालं. एक रुपया लागला नाही.

सुरुवात प्रश्नाने करा

तेव्हापासून शेजारीपाजारी आणि शाळेतले सहकारी आवाजाची तक्रार घेऊन आले की मी माउसला हात लावण्याआधी दोन गोष्टी विचारते. शेवटचा आवाज कधी ऐकला होता? आणि त्यानंतर काय काय बदललं? नवीन वायर, नवा हेडफोन, ब्लूटूथ स्पीकर, टेबल हलवलं, रात्री अपडेट झालं, मुलांनी गेम टाकला, यांपैकी काहीही. हे घरातल्या सगळ्यांना विचारायचं, फक्त तक्रार घेऊन आलेल्याला नाही. कॉम्प्युटर शेवटचा वापरणारा बहुधा दुसराच कोणीतरी असतो, आणि त्याला आपण काही बदललंय हे ठाऊकही नसतं.

दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की आवाज तपासायचा, फरक पडला नाही तर ती जशी होती तशी करायची आणि मग पुढे जायचं. घाईत चार ठिकाणी हात घातला आणि आवाज आला, तर तो कशाने आला ते कळत नाही. आला नाही, तर आणखी काय बिघडवून ठेवलं तेही कळत नाही. जवळ कागद ठेवा आणि केलेलं लिहीत जा.

आधी बाहेरचं

बाहेरच्या वस्तू तपासायला पैसे लागत नाहीत आणि त्यांतून काही पुसलं जात नाही, म्हणून सुरुवात तिथून.

स्पीकरला स्वतःचा विजेचा पुरवठा असतो. त्याचा दिवा लागलाय का, त्याचं गोल बटण कोणी शून्यावर नेलंय का, ते बघा. मग स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढून हेडफोनचं भोक असलेल्या एखाद्या जुन्या मोबाइलला लावा. तिथे वाजला तर स्पीकर आणि त्याची वायर ठणठणीत, दोष कॉम्प्युटरच्या बाजूला. तिथेही वाजला नाही, तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नाही. ही एक चाचणी निम्मा शोध संपवते.

सीपीयूच्या मागे तीन रंगांची भोकं असतात. हिरवं स्पीकरसाठी, गुलाबी माइकसाठी, निळं बाहेरून आवाज आत घ्यायला. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेलने 1990च्या दशकाच्या अखेरीस ठरवून दिले आणि अजून तेच चालतात. केर काढताना वायर निघते आणि अंदाजाने शेजारच्या गुलाबी भोकात जाते, हे फार घरांत होतं. पिन पूर्ण आत गेली की 'टक्' असं जाणवतं. अर्धवट आत असली तर आवाज येत नाही किंवा एकाच बाजूने येतो.

पुढच्या बाजूला हेडफोनचं भोक असलं तर तेही बघा. पुढे हेडफोन खोचलेला असेल तर काही मशिनमध्ये मागचे स्पीकर आपोआप गप्प होतात. उलट, मागून आवाज येतो आणि पुढून येत नाही असं असेल तर मदरबोर्डला नावं ठेवू नका. पुढच्या भोकांची वायर आतमध्ये मदरबोर्डवर खोचलेली असते, ती बहुधा निसटलेली असते.

कॉम्प्युटर सुरू होताना येणारा 'पीं' असा आवाज ऐकून साउंड ठीक आहे असं समजू नका. तो सीपीयूच्या आतल्या छोट्या बझरचा असतो, त्याचा स्पीकरशी संबंध नाही.

मग विंडोज

स्पीकरच्या चित्रावर लाल फुली आहे का? असली तर माउसचा बाण त्यावर धरून ठेवा, एक ओळ दिसेल. स्पीकर किंवा हेडफोन जोडलेले नाहीत असं लिहिलं असेल, तर पिनेकडे परत जा. आवाजाचं उपकरणच बसवलेलं नाही असं लिहिलं असेल, तर पुढे सांगितलेला ड्रायव्हर बघा. दोन्हींची फुली सारखीच दिसते, दोष वेगळे.

फुली नसेल तर 'प्लेबॅक'ची ती यादी उघडा. कुठल्याही विंडोजमध्ये चालणारी एक आडवाट आहे. विंडोजचं बटण आणि 'आर' एकत्र दाबून एम-एम-एस-वाय-एस, टिंब, सी-पी-एल ही अक्षरं जोडून टाइप करा आणि एंटर मारा. यादीत स्पीकर दिसतच नसेल तर रिकाम्या जागेवर उजवं क्लिक करून 'शो डिसेबल्ड डिव्हायसेस' निवडा. बंद केलेलं उपकरण करड्या रंगात दिसेल, ते 'एनेबल' करा. इथे मॉनिटरइतकाच मोठा चोर म्हणजे ब्लूटूथ. शेजारच्या खोलीतला स्पीकर किंवा उशीखाली राहिलेला इअरफोन चालू असला की आवाज निमूटपणे तिकडे जातो.

आवाज फक्त एका ठिकाणी येत नसेल, उदाहरणार्थ यूट्यूबवर नाही पण बाकी सगळीकडे आहे, तर 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडा. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. ब्राउझरच्या टॅबवर उजवं क्लिक केलं तर तो टॅब म्यूट केलेला आहे का तेही कळतं. ऑनलाइन मिटिंग सुरू झाली की बाकी सगळे आवाज मंद होतात अशी तक्रार शिक्षकांकडून येते. तो बिघाड नाही. प्लेबॅकच्याच खिडकीत 'कम्युनिकेशन्स' नावाचा भाग असतो. कॉल चालू असताना इतर आवाज 80 टक्के कमी करायचा अशी मूळ रचना तिथे असते, तिथे 'डू नथिंग' निवडायचं.

यानंतर ड्रायव्हर. विंडोज आणि साउंडची चिप यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. घरगुती मशिनमध्ये बहुतेक वेळा ही चिप तैवानच्या रिअलटेक कंपनीची असते. विंडोजच्या बटणावर उजवं क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा, त्यात 'साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स' बघा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय, खाली जाणारा बाण असेल तर उपकरण कोणीतरी बंद केलंय. आवाज अपडेटनंतर गेला असेल तर त्या नावावर दोनदा क्लिक करून 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून बघा, जुना ड्रायव्हर परत येतो. ते बटण करडं असेल तर 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करून कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा, विंडोज साधा ड्रायव्हर स्वतः बसवते. तेवढ्याने भागलं नाही तर मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या. 'तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये दुरुस्त करतो' म्हणणारे फुकटचे प्रोग्रॅम घेऊ नका. ते वीस दोष दाखवतात, दुरुस्तीचे पैसे मागतात आणि जाताना आपले दोन पाहुणे ठेवून जातात.

चिप खरंच गेली का?

एवढं करूनही आवाज नाही, तरच यंत्रावर संशय घ्या, आणि तोही सिद्ध करून. एक स्वस्त मार्ग म्हणजे यूएसबी साउंड कार्ड. अंगठ्याएवढी ही वस्तू दोन-चारशे रुपयांत मिळते. यूएसबीत खोचायची, तिच्या भोकात स्पीकर लावायचा, प्लेबॅकच्या यादीत ती निवडायची. आवाज आला, तर मूळ चिप मेलेली असली तरी काम झालं, मदरबोर्ड बदलायची गरज उरली नाही. ही एवढी गोष्ट मला आधी कोणी सांगितली असती तर तो मोठ्या खर्चाचा हिशेब मांडायची वेळच आली नसती.

दुसरा मार्ग फुकट आहे, फक्त डाउनलोड मोठं आहे. उबुंटू नावाची संगणक प्रणाली पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरून सुरू करता येतो. 'ट्राय उबुंटू' निवडलं की हार्ड डिस्कमधलं काही न पुसता सगळं चालतं. तिथे स्पीकर वाजले तर चिप जिवंत आहे, दोष विंडोजमध्ये. फाइल पाच-सहा जीबीची असते, मोखाड्याच्या नेटवर्कवर ती उतरवायला बसू नका. कोणी नाशिक-ठाण्याला जाणार असेल तर तिकडून भरून आणायला सांगा आणि पेनड्राइव्ह जपून ठेवा. फॉरमॅटच्या आधी करायची चाचणी हीच, कारण फॉरमॅटने जे सिद्ध करायचं तेच ही काही न पुसता सिद्ध करते.

आपल्याकडच्या पावसाचं

इथली ओल वेगळा त्रास देते. दोन-तीन महिने कपडे वाळत नाहीत तिथे पिनांची काय कथा. हेडफोनच्या भोकात आत बारीक पितळी पट्ट्या असतात, त्यांवर हिरवट थर चढतो. मग आवाज खरखरतो, पिन फिरवली की येतो आणि सोडली की जातो. कॉम्प्युटर बंद करून, मुख्य पिन काढून, पिन त्या भोकात हलक्या हाताने पाच-सात वेळा आतबाहेर करा. पुष्कळदा तेवढ्याने भागतं. जास्तच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित ओला केलेला कापूस काडीला लावून पुसा आणि पूर्ण वाळू द्या. रॉकेल नको, खोबरेल नको. पावसाळ्यात वापर नसला तरी मशीन अधूनमधून तासभर चालू ठेवावं, आतल्या गरमीने ओल निघते.

वीज चमकायला लागली की भिंतीतली पिन काढा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. यूपीएस आहे म्हणून निश्चिंत राहू नका, तो लाईट गेल्यावर काम सावरायला असतो, जवळ पडलेली वीज थोपवायला नाही. राउटरकडून येणारी लॅनची वायरही काढा, धक्का तिथूनही येतो. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर फुकट मिळतं, आसपास वीज पडण्याची शक्यता असली की ते आधी सावध करतं. शेतावर जाणाऱ्यांसाठी ते जीव वाचवणारं आहेच, घरातल्या यंत्रांनाही उपयोगी पडतं.

ज्यांचं सगळं कानावर आहे

घरात कोणी अंध किंवा अधू नजरेची व्यक्ती कॉम्प्युटर वापरत असेल तर तिच्यासाठी वेगळी तयारी हवी. आवाज गेल्यावर तो दुरुस्त करायला लागणारा मजकूरच तिला वाचता येत नाही. एनव्हीडीए गप्प झाला की आधी 'कंट्रोल', 'ऑल्ट' आणि 'एन' एकत्र दाबून तो पुन्हा सुरू करावा. तरी बोलला नाही तर 'इन्सर्ट' आणि 'एस' दाबून बघावं. हे बटण बोलणं बंद, नुसते बीप, पुन्हा बोलणं असे प्रकार फिरवतं आणि टाइप करताना चुकून दाबलं जातं. तरीही शांत असेल तर यूएसबी साउंड कार्ड खोचावं. आप्पांच्या टेबलाच्या खणात आता एक कार्ड आणि साधा इअरफोन कायम असतो, चाचपून सापडेल अशा जागी.

फॉरमॅटच्या आधी, आणि फोनच्या आधी

कॉम्प्युटर दुरुस्तीला देण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स हे तिन्ही दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मराठी टायपिंगचे फॉन्ट वापरत असाल तर तेही. फॉरमॅट मारू का असं कोणी विचारलं तर आधी उलट विचारा, कशावरून दोष विंडोजमध्ये आहे? उत्तर नसेल तर थांबा. आवाज गेला हे एवढं कारण फॉरमॅटला फार कमी वेळा पुरतं.

इंटरनेटवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेल्या नंबरवर फोन करू नका. असे खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात. पलीकडचा माणूस एखादं ॲप घ्यायला लावतो, आपल्या पडद्याचा ताबा घेतो, आणि साउंड दुरुस्त करता करता बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. कंपनीचा नंबर बिलावर किंवा वस्तूच्या खोक्यावर बघा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर कळवा.

आता दुरुस्त करणाऱ्याबद्दल. त्या मुलाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. आपल्या गावांत तपासणीचे पैसे कोणी देत नाही. तासभर बसून नुसती वायर शोधून दिली तर "केलंस काय?" म्हणून पन्नास रुपये टेकवायचे, आणि पार्ट बदलला की हजार मुकाट्याने द्यायचे, हा आपला रिवाज. मग तपासत बसण्यापेक्षा पार्ट बदलणं त्याला परवडतं, आणि फॉरमॅट तर ठरल्या दराचं काम. म्हणून आता मी कोणालाही बोलावते तेव्हा केलेल्या चाचण्यांचा कागद समोर ठेवते आणि पहिल्यांदाच सांगून टाकते, "पार्ट बदलला नाहीस तरी तपासायचे पैसे देणार आहे, किती होतील ते आधी सांग." एवढं ऐकल्यावर माणूस खुर्ची ओढून बसतो आणि पिनेपासून बघायला लागतो.